उंदीर, माकड आणि तुमचे वडील : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुम्ही नाशिकरोडहून लिहिलंय : ‘वडिलांना डॉक्टरांनी डीबीएस सुचवलंय, घरात सगळे घाबरलेत, आणि तुम्ही उंदरांच्या मेंदूच्या गोष्टी सांगताय. उंदीर बरा झाला म्हणून माणूस बरा होतो का? असल्या लेखांनी पेशंटची दिशाभूल होते.’

(डीबीएस म्हणजे कंपवातासाठी, पार्किन्सन्ससाठी, मेंदूत खोलवर तार बसवून विजेचे ठोके देण्याचं ऑपरेशन.) तुमचा राग समजतो. एक चूक आधी कबूल करते. ‘उंदराची आणि माणसाची रचना सारखीच’ असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. ते वाक्य ढिलं होतं, काढून टाकलंय. पण प्राण्यांच्या मेंदूचा या ऑपरेशनशी संबंधच नाही, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही.

१९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण अचानक लाकडासारखे ताठ झाले. त्यांनी घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं रसायन होतं, त्याने मेंदूतल्या डोपामिन (हालचालींसाठी लागणारं द्रव्य) बनवणाऱ्या पेशी मारल्या. रॅट जातीच्या उंदराला हे रसायन फारसं बाधत नाही. माकडाला मात्र माणसासारखाच कंपवात होतो. अशाच माकडांवर बर्गमन, विखमन आणि डीलाँग या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं, की सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा मेंदूतला खोलवरचा छोटासा भाग निकामी केला की आजाराची लक्षणं उतरतात. त्याआधी १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला न्यूरोसर्जन बेनाबिद यांना थेट माणसाच्या ऑपरेशनमध्येच दिसलं होतं, की थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागाला विजेचे झपाट्याने ठोके दिले की कंप थांबतो. हे दोन धागे जुळले आणि १९९३ मध्ये ग्रेनोबललाच माणसाच्या सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये तार बसली. पार्किन्सन्ससाठी आज सर्वाधिक वापरली जाते ती हीच जागा. फक्त रॅटवर विसंबून राहिलो असतो, तर हा रस्ता सापडायला फार उशीर झाला असता. कोणत्या प्राण्याचं काय ग्राह्य धरायचं, हे ठरवायलाच तर तुलना लागते!

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते तेव्हा मुलांना दोन स्लाइड शेजारी ठेवून दाखवायचे. रॅटच्या स्ट्रायटममध्ये, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या एका भागात, करड्या कापडावर पांढरे ठिपके पडावेत तसे मज्जातंतूंचे जुडगे विखुरलेले दिसतात. माकडात त्याच तंतूंचा एक जाड पांढरा पट्टा होतो आणि करड्या भागाचे सरळ दोन तुकडे पाडतो. माणसातही तसंच. हा पट्टा, म्हणजे इंटर्नल कॅप्सूल, खाली सबथॅलॅमिक न्यूक्लियसला अगदी खेटून जातो. वीज तिकडे सांडली की तोंड ओढलं जातं, बोलणं जड होतं. म्हणूनच बऱ्याचदा पेशंटला जागं ठेवून बोलायला लावतात, हात हलवायला सांगतात. रॅटचा न्यूक्लियस इतका इवलासा, की वीज सहज शेजारच्या भागांत पसरते. तिथला दुष्परिणाम जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. इथे तुमची शंका रास्तच आहे.

माझ्या वडिलांनाही कंपवात होता. रामकुंडाजवळच्या सपाट फरशीवर त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे. मी हात धरून उभी, मागून लोक ‘चला, चला’ म्हणताहेत, आणि त्यांना पाऊल उचलता येत नाहीये. पण घाटाच्या पायऱ्या लागल्या की तोच माणूस एकेक पायरी नीट उतरायचा. चार पायांच्या प्राण्यावरून हे कळणं अवघडच, ते घरच्यांनाच दिसतं.

म्हणून तुम्हाला एक विचारते : तुमच्या वडिलांचे पाय अडखळतात का, आणि गोळी लागू पडली की सुटतात का? लिव्होडोपाने, म्हणजे कंपवाताच्या नेहमीच्या गोळीने, जे सुधारतं, तेच साधारणपणे डीबीएसने सुधारतं. गोळीचा पूर्ण असर असतानाही पाय अडकत असतील, तर ऑपरेशनकडून त्या बाबतीत फार आशा धरू नये. कंप मात्र वेगळा : गोळीला दाद न देणारा कंपही तारेने थांबू शकतो. वडिलांच्या चालण्याचे दोन व्हिडिओ काढा, एक सकाळच्या गोळीआधी, एक तासाभराने. पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा, आणि ते काय म्हणाले ते इथे जरूर लिहा.