इनामगावच्या घरांखालची बाळं बळी दिलेली नव्हती

शिरूर तालुक्यातल्या इनामगावबद्दल एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतोय. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे राजासाठी लहान मुलांचे बळी देऊन मडक्यांत पुरत आणि गुन्हेगारांचे पाय तोडत, असं त्यात म्हटलंय. सांगाडे खरे आहेत. डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठी १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ते मिळाले. त्यांचा लावलेला अर्थ मात्र साफ चुकीचा आहे.

आधी मुलांचं. घराच्या जमिनीत खड्डा घेऊन दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत तान्हं बाळ, अशी ही दफनं. सोबत बऱ्याचदा वाडगं किंवा तोटीचं भांडं, म्हणजे त्याच्यासाठी अन्नपाणी. बळी देऊन टाकलेल्या मुलाची अशी काळजी कोण घेतं? नेवासे आणि दायमाबाद या त्याच काळातल्या महाराष्ट्रातल्या वस्त्यांतही हीच रीत दिसते. मुलं दगावत होती, हे त्यामागचं खरं दुःख. प्राचीन सांगाड्यांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी या तिन्ही गावांतल्या बाळांची हाडं अभ्यासली. उत्तर जोर्वे काळातल्या, म्हणजे वस्तीच्या शेवटच्या शतकांतल्या, इनामगावच्या मुलांची वाढ खुंटलेली त्यांना आढळली. ही लक्षणं अपुऱ्या पोषणाची आणि आजारपणाची आहेत. शिवाय तान्हं मूल गेलं तर आपल्याकडे आजही दहन न करता पुरतात, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनाही ठाऊक असेल.

राजाचा मुद्दा फार ताणायला नको. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं घर होतं. त्याच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घातलेला एक प्रौढ पुरुष मिळाला. तो गावचा प्रमुख असावा. रांजणात तो एकटाच होता, आणि मुलांची दफनं शतकानुशतकं, वेगवेगळ्या घरांत होत राहिली. ती एका माणसासाठी कशी?

राहिले पाय. प्रौढांना डोकं उत्तरेला करून उताणं पुरत आणि अनेकांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळले. पण हे लोकही राहत्या घराच्या जमिनीखाली, भांडी उशाशी घेऊन झोपवलेले आहेत. गुन्हेगाराला आपल्या ओसरीखाली कुणी जागा देत नाही. मेलेलं माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून मृत्यूनंतर पाय तोडत असावेत, असा उत्खनकांचा तर्क आहे. तो तर्कच आहे, पण ज्या घरात माणूस जगला त्याच घरात त्याला ठेवण्याच्या धडपडीशी तो जुळतो.