'पुढे' नावाचं बटण

बोटाचा ठसा जुळत नाही, असं फोनने मला तिसऱ्यांदा सांगितलं. त्या वेळी मी जमिनीपासून ३५ मीटर वर, उघडलेल्या वर्तमानपत्राएवढ्या एका लेजवर, म्हणजे कड्यातल्या अरुंद पायरीवर, अँकरला, म्हणजे कातळातल्या आधाराला, बांधलेल्या अवस्थेत उभी होते. यात फोनची काही चूक नव्हती. सकाळपासून दहाही बोटांची सालपटं मी कातळाला वाहिली होती, त्यामुळे मी मीच आहे याचा पुरावा माझ्याकडेही उरला नव्हता. मग चेहरा दाखवून पाहिला. हेल्मेट, गॉगल आणि गालावर, हात कोरडे राहावेत म्हणून लावतात त्या चॉकचा पांढरा पट्टा. फोनने ओळख दाखवली नाही. आईनेही दाखवली नसती.

शेवटी पासवर्ड. सोळा अक्षरं, त्यात एक मोठ्या लिपीतलं, एक आकडा, एक चिन्ह. हे नियम ज्या चौकटीत लाल अक्षरांत झळकतात ती चौकट मी स्वतः बांधलेली आहे, म्हणून शिव्या कुणाला द्याव्यात हाही प्रश्न होता. पासवर्डनंतर सहा आकडी कोड, जो दर ३० सेकंदांनी बदलतो. खुर्चीत बसून ३० सेकंद भरपूर होतात. एक हात कातळावर ठेवून, दुसऱ्या हाताच्या घामट अंगठ्याने, एका ॲपमधले आकडे पाठ करून दुसऱ्या ॲपमध्ये भरायचे म्हटले, की चौथ्या आकड्यावर ते मरतात आणि नवे जन्माला येतात.

शेजारी काका दोरीची वेटोळी घालत होते.

"ऑफिस का?"

"हो."

"आज शनिवार ना?"

"हो."

"बरं," काका म्हणाले. आयुष्यभर पुलांचे आराखडे काढून निवृत्त झालेल्या माणसाच्या 'बरं'मध्ये किती टन भार बसतो, ते ऐकल्याशिवाय कळत नाही.

मी फ्रंट-एंड डेव्हलपर आहे. म्हणजे वेबसाइटचा जो भाग दिसतो तो माझा. आणि दिसतो, म्हणून त्यावर प्रत्येकाला मत असतं. सर्व्हरच्या पोटात काय चाललंय ते बघून कुणी आजवर "जरा डावीकडे घ्या" म्हटलेलं नाही. माझ्या कामात मात्र ज्याला ज्याला डोळे आहेत तो तो तज्ज्ञ. शिवाय जे शिकावं ते शिळं होतं. मी २०१२ साली नोकरीला लागले तेव्हा जेक्वेरी नावाचं वेबपानं बांधायचं अवजार येणं म्हणजे सगळं येणं होतं. २०१३ मध्ये रिॲक्ट आलं, २०१४ मध्ये व्ह्यू आलं, २०१६ मध्ये स्वेल्ट आलं, आणि दर वेळी 'आता हेच' असं मला सांगण्यात आलं. काकांनी मला पहिल्या दिवशी दोर स्वतःला बांधायची आठाची गाठ शिकवली. तीच मी आजही मारते. तिची पुढची आवृत्ती आलेली नाही, आणि जुनी गाठ येत्या मार्चपासून बंद होणार असल्याची ईमेलही नाही.

कातळाकडे वळले ते मानेमुळे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, "दिवसभर नेमकं काय करता?" मी खरं ते सांगितलं: एक चौकट आठ पिक्सेल उजवीकडे नेते, संध्याकाळी परत आणते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि "काहीतरी मैदानी सुरू करा" असं लिहून दिलं. त्यांच्या मनात बॅडमिंटन असावं.

कंपनीत दर तिमाहीला 'वर्क-लाइफ बॅलन्स' नावाचं सादरीकरण होतं. त्यात तराजूचं चित्र असतं, एका पारड्यात लॅपटॉप, दुसऱ्यात झाड. दोन्ही पारडी अगदी निवांत. ज्याने हे चित्र काढलं तो कधी दोन सेंटिमीटरच्या कंगोऱ्यावर एका बुटाच्या टोकावर उभा राहिलेला नसणार. तिथे तोल सांभाळणं म्हणजे पोटरीचा स्नायू दमतो आणि पाय आपोआप वरखाली थडथडायला लागतो. चढणारे त्याला 'शिलाई मशीन' म्हणतात. टाच खाली सोडली तर थांबतं, पण नेमकी त्याच वेळी टाच सोडायची हिंमत होत नाही. माझं दोन्हींचं संतुलन गेली काही वर्षं याच पद्धतीने चाललं आहे. लांबून स्थिर दिसतं.

सोमवारचं तर विचारू नका. चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या बोटांनी टाइप करताना प्रत्येक स्पेस कळ आणते. त्यामुळे सोमवारी मी लिहिलेला कोड आटोपशीर असतो आणि त्याचं कौतुकही होतं.

दोन्हीकडे एकच दुखणं मात्र आहे: अंदाज. डोंगरातल्या माणसांनी तो प्रश्न केव्हाच सोडवला. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला. आजच्या मापात तो साधारण असा: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. काका नकाशा बघतात, ओठ हलवतात आणि सांगतात, "सहा किलोमीटर, सहाशे मीटर चढ. दोन तास बारा मिनिटं." आणि दोन तास बारा मिनिटांनी ते वर असतात. मी जरा नंतर असते, कारण नेस्मिथ साहेबांनी विश्रांती धरलेली नाही.

बटणासाठी असा ठोकताळा कुणी दिलेला नाही. मॅनेजर विचारतो, "अगं, एक बटणच तर हलवायचंय, किती वेळ?" मी म्हणते, "अर्धा तास." बटण हलतं अर्ध्या तासातच. मग त्याच्या शेजारचा मजकूर दोन ओळींत तुटतो, तो नीट केला की वरचा मेनू खालच्या चित्रामागे जातो, आणि बुधवारी मी एका सहकाऱ्याला समजावत असते की आम्ही मुळात बटण का हलवत होतो. मीही विश्रांती धरलेली नसते. मीटिंगाही धरलेल्या नसतात.

वजनाबाबतीत मात्र मी स्वतःशीच खोटं वागते, आणि हे मी आजवर ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. सॅक भरताना मी टूथब्रशचा दांडा अर्धा कापते. टॉवेलचं लेबल उसवते. एक टॉर्च दोघांत पुरेल का, यावर काकांशी चर्चा करते. आणि हीच मी, ऑफिसात, एक तारीख नीट दाखवण्यासाठी तयार कोडची अख्खी लायब्ररी उचलून पानात टाकते, जिच्यात मला कधीही न लागणारे जगातले सगळे टाइमझोन असतात. पान उघडताना ती प्रत्येक माणसाच्या फोनवर उतरते. प्रत्येकाच्या सॅकमध्ये मी गुपचूप एकेक दगड ठेवते आणि घरी येऊन टूथब्रश कापते.

तर त्या शनिवारी अडीअडचणीला फोन उचलायची पाळी माझी होती. त्यात शुक्रवारी संध्याकाळी नवं पान लाइव्ह करू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, आम्ही शुक्रवारी संध्याकाळी मोडला होता. तरीही मी गेले, कारण त्या कड्यावर रेंज येते हे मी आधी जाऊन तपासलं होतं. चूक तिथेच झाली. रेंज नसती तर मी निर्दोष होते.

फोन वाजला तेव्हा मी पहिल्या टप्प्याच्या सगळ्यात वाईट जागी होते. शिलाई मशीन जोरात चालू. उजवा हात काहीतरी शोधतोय आणि त्याला काही सापडत नाही. मांडीवरच्या खिशात थरथर.

"काका, फोन!"

वरून आवाज आला, "माझा नाही."

कशीबशी लेजवर पोचले, स्वतःला बांधून घेतलं, काकांनी गाठ ओढून पाहिली, आणि मग तो ठशाचा, चेहऱ्याचा आणि सहा आकड्यांचा कार्यक्रम झाला. तक्रार अशी होती की नव्या अर्जावर लोक नाव-पत्ता भरतात आणि तिथेच थांबतात. 'पुढे' हे बटणच नाही म्हणतात. मी फोनवर सहकाऱ्याला जे सांगितलं ते या व्यवसायातलं प्रत्येक जण शपथेवर सांगतं: "माझ्याकडे दिसतंय."

मग मी ते पान स्वतः उघडलं. रेंजची एकच काडी. पान उतरायला लागलं. काकांनी तेवढ्यात पाणी पिऊन घेतलं, समोरच्या घारीकडे पाहिलं, पुन्हा पाणी प्यायले. अखेर अर्ज आला आणि उन्हात मला काही दिसेना. आमच्या डिझाइनरने मजकुरासाठी एक तलम राखाडी रंग निवडला होता, ज्याला आम्ही प्रेमाने 'धुकं' म्हणतो. पांढऱ्यावर अक्षरं वाचता यावीत म्हणून उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ असावं, असं वेबच्या सुगम्यतेचे नियम सांगतात. आमच्या धुक्याचं २.८५ आहे. मीच एकदा मोजलं होतं आणि 'सुंदर दिसतंय' म्हणून सोडून दिलं होतं.

मी फोन काकांपुढे धरला. "यात काय लिहिलंय सांगा."

काकांनी तो जवळ घेतला, लांब धरला. "माझा मोतीबिंदू वाढलाय का?"

"नाही काका. हे असंच आहे."

"मुद्दाम?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी सरळ अर्ज भरायला घेतला. त्यांच्या एका बोटाखाली आमच्या दोन चौकटी झाकल्या जात होत्या. दोनदा चुकून जन्मतारखेत शिरले, ज्यात वर्ष निवडायला २०२४ पासून मागे सरकत जावं लागतं. काका बरेच मागे जन्मलेले आहेत. शेवटी ते म्हणाले, "भरलं. आता पुढे कसं जायचं?"

पुढे नव्हतंच. आणि मग मला ते दिसलं.

पान पडद्याएवढं उंच असावं म्हणून मी उंची लिहिली होती शंभर व्हीएच, म्हणजे पडद्याच्या उंचीच्या शंभर टक्के. फोनमधला ब्राउझर मात्र ही उंची पत्त्याची पट्टी लपलेली आहे असं समजून मोजतो. पट्टी दिसत असेल तेव्हा तेवढा तुकडा तळाशी पडद्याबाहेर जातो. त्या तुकड्यात माझं बटण होतं. आणि पान एखाद्या ॲपसारखं घट्ट वाटावं म्हणून मी स्क्रोलही बंद करून ठेवला होता, म्हणजे खाली सरकून शोधायचीही सोय नाही. ऑफिसात मी हे सगळं मोठ्या मॉनिटरवर, संगणकातल्या नकली फोनमध्ये तपासलं होतं. त्या नकली फोनला पत्त्याची पट्टी नसते. घामही नसतो.

उपाय एका अक्षराचा. व्हीएचऐवजी डीव्हीएच, म्हणजे पट्टी आत-बाहेर होईल तशी बदलणारी उंची. २०२२ पासून सगळे मोठे ब्राउझर ते समजतात. मी सहकाऱ्याला पुन्हा फोन लावला. नेमका वारा सुटला.

"व्हीएचच्या आधी डी लाव!"

"बी?"

"डी!"

"टी का, ताई?"

"डी! डोंगराचा डी!"

समोरच्या कड्याने तीनदा 'डी' म्हटलं. सहकाऱ्याने तीनही डी लावले असते तर काय झालं असतं? काहीही नाही, हीच सीएसएसची, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या या भाषेची, खोड आहे. चुकीचं एकक दिसलं तर ब्राउझर तक्रार करत नाही, कुणाला सांगत नाही, ती ओळ चुपचाप गाळतो आणि पुढे जातो. मी जवळच्या एका माणसाला अशाच स्वभावावरून सोडून आले आहे, पण तो वेगळा लेख.

"चढायचं आहे की बाराखडी पूर्ण करायची आहे?" काकांनी विचारलं.

सात मिनिटांनी फोनवर नवं पान उतरलं. काकांनी 'पुढे' दाबलं. पुढचं पान आलं, त्यात पुन्हा धुकं होतं. त्यांनी फोन परत दिला आणि दुसरा टप्पा चढायला घेतला. त्या टप्प्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की मधे एका जागी मला पुढचा होल्ड, म्हणजे हाताने धरायची जागा, सापडत नव्हता, वर काकांना विचारलं, तर उत्तर आलं, "खाली सरकून बघ, पट्टीमागे असेल."

सोमवारच्या सकाळच्या मीटिंगमध्ये मी सगळं सांगितलं. ऊन, बोटांचा आकार, एक काडी रेंज, काका. मला वाटलं, लोक हसतील आणि विषय संपेल. मॅनेजर हसला नाही. त्याचे डोळे चमकले. "अगं, हे तर फारच उपयोगी आहे," तो म्हणाला. माझ्या पोटात गोळा आला, कारण हे वाक्य तो कशाआधी म्हणतो ते मला माहीत आहे.

दुपारी माझ्या नावावर नवं तिकीट, म्हणजे कामाची नोंद, पडलं होतं. विषय: दर रिलीजआधी प्रत्यक्ष कड्यावर तपासणी. प्राधान्य: उच्च. सोबत कोण: काका. शनिवारी जायचं, रविवारी अहवाल. खाली एक रकाना रिकामा होता, 'लागणारा वेळ', त्यात आकडा टाकल्याशिवाय तिकीट पुढे सरकत नाही.

मी नकाशा उघडला. सहा किलोमीटर. सहाशे मीटर चढ.

दोन तास बारा मिनिटं, मी लिहिलं.