बाथरूममधलं पॅनेल गळती थांबवत नाही

‘टाइल्स फोडू नका, त्यावरच वॉटरप्रूफ पॅनेल लावा. गळती कायमची बंद, बुरशीचं नाव नाही, एका दिवसात बाथरूम नवं, तेही स्वस्तात.’ सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशा मजकुराचे मेसेज सारखे फिरतात. यातलं खरं किती?

‘गळती कायमची बंद’: सगळ्यात मोठी गफलत इथेच आहे. ही पॅनेल पीव्हीसीची, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकची; ते पाणी शोषत नाही, कबूल. पण खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते ती बहुतेक वेळा जमिनीतून. आपल्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बऱ्याचदा खाली घेतलेला असतो. त्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या जाळीखाली पाणी वाहून नेणाऱ्या भांड्याच्या) कडेला फट पडली की पाणी त्या कोब्यात साचतं आणि सावकाश खाली पाझरतं. भिंतीला सोन्याचा पत्रा ठोकलात तरी त्याला फरक पडत नाही.

म्हणून आधी गळती शोधा. ट्रॅपला बूच मारून जमिनीवर दोन बोटं पाणी 24 तास कोंडून ठेवा. खाली ओल वाढली तर दोष जमिनीत. बाथरूम कोरडं ठेवूनही ओल वाढतच असेल, तर भिंतीतला कन्सील्ड पाइप तपासायला हवा. त्यावर पॅनेल लावलंत, तर उद्या प्लंबर तेच कापणार.

‘टाइल्सच्या सांध्यांतून पाणी मुरतं, पॅनेलमधून नाही’: अर्धं खरं. सांध्यांत भरलेलं सिमेंटचं ग्राउट पाणी पितंच. पण नीट केलेल्या कामात पाणी अडवतो तो टाइल्सच्या मागचा वॉटरप्रूफिंगचा थर. तो थर गेला असेल, तर वर पॅनेल लावून परत येत नाही.

आणि सांधे पॅनेललाही असतातच: कोपऱ्यात, तळाशी, दोन शीटच्या मध्ये. सगळ्यात वाईट जागा मिक्सरभोवतीची, म्हणजे गरम-गार पाण्याच्या नळाभोवतीची. कारागीर तिथे भोक ऐसपैस कापतो आणि वरून स्टीलची चकती बसवली की काम देखणं दिसतं. चकतीमागे सिलिकॉन भरलं नसेल तर शॉवरचं पाणी थेट पॅनेलच्या मागे जातं. पोकळ पॅनेल असेल तर कापलेली कड बघा, आत नळ्यांसारखे कप्पे दिसतील. ती कड उघडी राहिली की पाणी त्यात भरून बसतं.

‘बुरशी येत नाही’: समोर कमी येते, मागे मात्र येऊ शकते. ओल्या भिंतीवर पॅनेल चढवलं की ओल वाळायला वाट उरत नाही. आधाराला लाकडी पट्ट्या मारल्या असतील तर त्या फुगतात, वाळवीलाही आमंत्रण. आधी वास येतो, दिसतं फार नंतर.

‘एका दिवसात’: शीट लागतात, हो. पण सिलिकॉन पक्कं व्हायला साधारण एक दिवस आणखी द्यावा लागतो. संध्याकाळी अंघोळ केलीत तर पहिला सांधा तिथेच सुटू शकतो.

‘स्वस्त’: भिंत कोरडी, सपाट आणि ठणठणीत असेल तर स्वस्तच. भाड्याचं घर, जुन्या टाइल्सचा नकोसा रंग, बाथरूमचं छत, अशा ठिकाणी पॅनेल जरूर लावा. गळती चालू असताना लावलंत तर मात्र पॅनेलचेही पैसे जातात आणि फोडाफोडीचेही. शिवाय फ्लॅटच्या आतली दुरुस्ती सभासदानेच करायची असते; खालच्यांच्या छताचे पापुद्रे पडले की सोसायटीचं पत्र तुमच्याच नावाने येणार.