आयडी आला नाही म्हणून चिप डेड होत नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय की बायोस चिपला (लॅपटॉप सुरू करणारा प्रोग्राम जिच्यात असतो ती) क्लिप लावल्यावर प्रोग्रामरला, म्हणजे चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या उपकरणाला, चिपचा ओळख कोड म्हणजे आयडी दिसला नाही म्हणजे चिप गेली, नवी लावा, त्याच मॉडेलची बिन फाइल (चिपमधल्या डेटाची कॉपी) नेटवरून उतरवून टाका, लॅपटॉप चालू. हे वाचून लोक चांगल्या चिपा फेकतायत, म्हणून लिहितोय.

आधी आयडीचं बघू. आयडीच्या जागी एफएफ एफएफ एफएफ आलं याचा अर्थ डेटा लाइनवर कोणी उत्तर देत नाहीये, एवढाच. बहुतेक वेळा क्लिप उलटी असते किंवा चिपच्या पायांवर फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट थर) असतो, आणि दर वेळी वेगळाच आयडी येत असेल तर कॉन्टॅक्टवरच संशय घ्या. पण क्लिप एकदम नीट बसूनही वाचत नाही तेव्हा खरी गोम वेगळी असते, पिन ८ ला दिलेले ३.३ व्होल्ट त्याच सप्लाय लाइनवरून बोर्डावरच्या चिपसेटकडेही जातात, प्रोग्रामरला तेवढा लोड झेपत नाही, व्होल्टेज खाली बसतं आणि वरून चिपसेट अर्धवट जागा होऊन त्याच क्लॉक-डेटा लाइन ओढत राहतो. मीटरने पिन ८ आणि ४ मध्ये मोजा ना, २.७ च्या खाली दिसलं तर चिपचा काय दोष? चार्जर, बॅटरी, सीमॉस सेल काढा, वायर आखूड ठेवा, तरी नाही झालं तर चिप उतरवून सॉकेटमध्ये वाचा. तिथेही गप्प असेल तरच चिप गेली म्हणा.

"कुठल्याही प्रोग्रामरने चालतं" हेही त्या मेसेजमध्येच लिहिलंय. नाही चालत! डब्ल्यू२५क्यू६४एफव्ही ही चिप ३.३ व्होल्टची आणि एफडब्ल्यू १.८ ची, फरक शेवटच्या अक्षराचा, आणि सीएच३४१ए प्रोग्रामरच्या काळ्या बोर्डावर सप्लाय ३.३ असला तरी डेटा लाइन ५ व्होल्टच्या निघतात. अशाने जिवंत चिप आपणच मारतो.

राहिली नेटवरची फाइल. त्यात दुसऱ्याच्या मशीनचा सिरियल नंबर असतो, बऱ्याचदा मॅक अॅड्रेस आणि विंडोजची की पण, शिवाय एमई रीजन (इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा भाग) त्याच्या बोर्डाचा, मग लॅपटॉप उशिरा चालू होणं, फॅन फुल स्पीडला राहणं, अर्ध्या तासाने बंद पडणं असले प्रकार सुरू. तुमचा डेटा फक्त जुन्या चिपमध्ये आहे. ती दोनदा वाचा, दोन्ही फाइली कंपेअर करा, इंटेलचा बोर्ड असेल तर फाइलमध्ये ऑफसेट १० हेक्स या जागी ५ए ए५ एफ० ०एफ (डेटा नीट वाचला गेल्याची खूण) दिसतंय का बघा, आणि तो डंप, म्हणजे वाचलेली फाइल, जपून ठेवल्याशिवाय इरेजचं बटण दाबू नका.