व्हॉल्व्ह म्हणजे कमरेचा पट्टा नव्हे

आत्यानं काल एक फॉरवर्ड पाठवलं आणि खाली विचारलं, "मग आता इको नको ना करायला?" तिचा एऑर्टिक व्हॉल्व्ह (हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप) अरुंद होत चाललाय. फॉरवर्डचं म्हणणं असं: जाड माणसांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) खोटा येतो, त्यांना लागणारा दम चरबीचा असतो आणि वजन उतरवलं की व्हॉल्व्ह आपोआप मोकळा होतो.

शेवटचं आधी घेतो, कारण ते सगळ्यात अचाट आहे. पोट उतरलं म्हणून सैल व्हायला व्हॉल्व्ह म्हणजे कमरेचा पट्टा नव्हे. पाकळ्यांत कॅल्शियम साठून त्या ताठर झालेल्या असतात. ते डाएटनं विरघळत नाही. मग ‘वजन घटलं, रिपोर्ट सुधारला’ हे येतं कुठून? भागाकारातून. व्हॉल्व्ह उघडतो तेवढ्या जागेला शरीराच्या पृष्ठफळानं भागतात, उत्तर ०.६ च्या खाली गेलं की आजार तीव्र धरतात. समजा उंची १६५ सेंमी, वजन ११० किलो, व्हॉल्व्ह १.३ चौ. सेंमी. पृष्ठफळ साधारण २.२५ चौ. मीटर, भागाकार ०.५८. झाला तीव्र! तोच माणूस ७० किलोवर आला की पृष्ठफळ १.७९, भागाकार ०.७३. व्हॉल्व्ह १.३ होता, १.३ च राहिला. बदलला तो छेद.

म्हणजे लठ्ठ माणसात हा भागाकार आजार फुगवून दाखवू शकतो, एवढं मान्य करावं लागतं. पण हे काही दडवलेलं गुपित नाही. इकोच्या युरोपियन आणि अमेरिकन संघटनांच्या २०१७ च्या संयुक्त शिफारशींत लिहिलंय की वजन वाढलं म्हणून व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ वाढत नाही. व्हॉल्व्हमधून जाणाऱ्या रक्ताचा वेग (सेकंदाला ४ मीटर) आणि सरासरी दाबफरक (४० मिमी पारा) या तीव्रतेच्या मुख्य निकषांत वजनानं भागणं नसतंच.

चरबीमुळे चित्र धूसर येतं, खरंय. पण तेव्हा वेग कमी मोजला जाण्याची भीती असते, म्हणजे आजार उलट हलका दिसतो! शंका उरली तर सीटीवर कॅल्शियम मोजतात. पुरुषांत २०००, बायकांत १२०० च्या पुढे आकडा गेला तर आजार तीव्र असण्याची शक्यता बळावते.

दम चरबीचा? असेलही. व्हॉल्व्हचा नाही, हे तपासल्याशिवाय कसं कळलं? रक्तातल्या बीएनपीवरही (हृदयावर ताण आला की वाढणारा घटक) विसंबता येत नाही; लठ्ठ माणसांत तो मुळातच कमी येतो.

आत्याला लिहिलं: वजन जरूर उतरव, गुडघे दुवा देतील. इकोची तारीख मात्र चुकवू नकोस. आणि जिना चढताना भोवळ आली, तर तारखेचीही वाट बघू नकोस.