सही झालेला कागद पुन्हा लिहून काढू नका

मागच्या आठवड्यात एका पतसंस्थेच्या लॉगिनचा कोड तपासायला माझ्याकडे आला. पासकी (पासवर्डऐवजी फोनमधल्या किल्लीने लॉगिन) बसवलेली, ओटीपीची कटकट नाही, डेमो झकास. पण सर्व्हरवरच्या पडताळणीत ओरिजिन, म्हणजे लॉगिन कुठल्या पत्त्यावरून आलं ते, तपासायची ओळ कॉमेंट करून, म्हणजे बंद करून ठेवलेली होती. शेजारी टीप: "ॲपमध्ये चालत नाही, तात्पुरतं बंद." टीप आठ महिन्यांपूर्वीची. लोकांच्या कष्टाच्या ठेवी आहेत तिथे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पासकी म्हणजे किल्ल्यांची जोडी. खाजगी किल्ली आपल्या फोनकडे, सार्वजनिक किल्ली सर्व्हरकडे. लॉगिनच्या वेळी सर्व्हर एक नवा यादृच्छिक चॅलेंज, म्हणजे अंदाज न बांधता येणारे काही बाइट्स, पाठवतो आणि फोन सही करून देतो, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण सही नुसत्या चॅलेंजवर होत नाही. ब्राउझर स्वतः एक छोटा जेसन (नाव आणि त्यापुढे माहिती अशा नोंदींचा मजकूर) तयार करतो, त्याला क्लायंट डेटा म्हणतात. त्यात टाइप असतो, म्हणजे ही नोंदणी आहे की लॉगिन. चॅलेंज असतो. आणि ओरिजिन असतो, म्हणजे माणूस त्या क्षणी खरोखर कुठल्या साइटवर आहे तो पत्ता. या जेसनचा शा-२५६ हॅश, म्हणजे मजकूर जरा बदलला तरी बदलणारा छोटा ठसा, ऑथेंटिकेटरच्या (किल्ली सांभाळणाऱ्या फोनच्या) डेटाला जोडतात आणि त्या जोडावर सही होते. पानावरच्या स्क्रिप्टने नंतर पत्ता बदलला, तर सही जुळत नाही.

माझ्या आत्याने दोन वर्षांपूर्वी बँकेसारख्याच दिसणाऱ्या एका पानावर ओटीपी भरला होता. पैसे गेले ते गेलेच, वर घरच्यांची बोलणी खाल्ली. तिची चूक काय होती? ते सहा आकडे कुठल्या पानावर भरले जाताहेत, हे ओटीपीत कुठेच नोंदलेलं नसतं. पासकीत ते सहीच्या आतच असतं. मार्च २०१९ मध्ये वेबऑथन, म्हणजे पासकी ज्यावर चालते ते तंत्र, अधिकृत वेब मानक झालं, तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद याच गोष्टीचा झाला होता. आणि आपण ती वाचायचीच बंद करून ठेवायची?

"ब्राउझर दुसऱ्या डोमेनवर पासकी वापरूच देत नाही, मग तपासायचं कशाला?" असं मला त्या टीममधल्या मुलाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण पासकी मुख्य डोमेनला बांधलेली असेल, तर त्याच्या कुठल्याही सब-डोमेनवर (मुख्य नावाआधी आणखी एक नाव लावलेल्या पत्त्यावर) ती चालते. कधीकाळी चाचणीसाठी उघडलेलं आणि मग विसरलेलं एखादं सब-डोमेन दुसऱ्याच्या हाती लागलं, तर वाट अडवायला सर्व्हरवरची तीच एक ओळ उरते. तीही पूर्ण पत्त्याची तंतोतंत तुलना हवी. पत्त्यात आपलं नाव कुठेतरी आहे, एवढं बघून भागत नाही.

मग ॲपमध्ये का चालत नव्हतं? अँड्रॉइड ॲपमधून येणारा ओरिजिन एचटीटीपीएसने सुरू होतच नाही. तिथे "अँड्रॉइड, एपीके-की-हॅश" असं लिहून पुढे ॲपवर सही करणाऱ्या सर्टिफिकेटचा हॅश येतो. त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवरच्या डीबग (चाचणीच्या) किल्लीचा हॅश परवानगीच्या यादीत टाकला होता. प्ले स्टोअरवरच्या ॲपची सही वेगळ्या किल्लीची, त्यामुळे हॅशही वेगळा. एक नोंद वाढवायची होती, त्याऐवजी पूर्ण तपासणीच बंद केली.

दुसरी चूक मी याआधी एका पीएचपी प्रकल्पात पाहिली होती. आलेला जेसन वाचला, त्याचा ॲरे (प्रोग्रॅममधली यादी) केला, मग पुन्हा जेसन करून हॅश काढला. सही काही केल्या जुळेना. दोन दिवस गेल्यावर सापडलं: पीएचपी जेसन लिहिताना प्रत्येक तिरक्या रेघेआधी एक उलटी तिरकी रेघ घालतं, आणि पत्त्यात एचटीटीपीएसनंतर तशा दोन रेघा असतातच. तलाठ्याने सही-शिक्का दिलेला सातबारा घरी सुवाच्य अक्षरात लिहून काढला, तर त्या प्रतीला कचेरीत कोण विचारणार? मजकूर तोच, पण सही त्या मूळ कागदावर आहे. हॅश काढायचा तो ब्राउझरकडून आलेल्या मूळ बाइट्सचा. जेसन वाचायचा तो फक्त आतल्या नोंदी तपासण्यासाठी.

आलेला जेसन न वाचता ठरलेल्या साच्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहणारेही आहेत. त्यांच्यासाठी क्रोमने अधूनमधून या जेसनमध्ये एक जादा नोंद घालायला सुरुवात केली. तिचं नावच "इथे नव्या नोंदी येऊ शकतात" अशा अर्थाचं, आणि आत सूचना की या जेसनची साच्याशी तुलना करू नका. ज्याने कुणी हे सुचवलं, त्याला मनापासून नमस्कार.

चॅलेंजचंही तसंच. तो क्लायंट डेटात बेस-६४ च्या (बाइट्स साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीच्या) यूआरएल प्रकारात येतो, अधिक आणि तिरक्या रेघेच्या जागी वजा आणि अधोरेखा. साध्या बेस-६४ शी तुलना केली आणि शेवटची बरोबरची चिन्हं तेवढी काढून टाकली, तर ३२ बाइट्सचा चॅलेंज चारातून साधारण एकदाच जुळतो. मग "कधी होतं, कधी होत नाही" म्हणून तक्रारी येतात, आणि वैतागून कुणीतरी हीही तपासणी काढून टाकतं. मग जुनी सही पुन्हा पाठवली तरी दार उघडतं.

सोमवारी आम्ही ती ओळ पुन्हा सुरू केली. परवानगीच्या यादीत आता दोनच नोंदी आहेत, संस्थेच्या साइटचा पूर्ण पत्ता आणि प्ले स्टोअरच्या ॲपचा हॅश. डीबगचा हॅश फक्त चाचणीच्या सर्व्हरवर ठेवलाय. त्या मुलाने जुन्या सब-डोमेनची यादीही काढली. त्यातली तीन कशासाठी उघडली होती, हे ऑफिसात कुणालाच आठवेना. त्याच संध्याकाळी ती बंद केली.