मत मांडल्यामुळं पूल रखडतो म्हणणाऱ्यांनी आधी कोल्हापूरच्या शिवाजी पुलाची खरी गोष्ट वाचावी

आमच्या गावात ओढ्यावरचा जुना दगडी पूल पाडून नवा बांधायचा विषय निघालाय, ग्रामसभेत लोकांच्या सूचना घेणार आहेत. आणि नेमका आत्ताच एक फॉरवर्ड गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. सभेला जाऊन मतं मांडू नका, शिवाजी पुलाचं आठवा, लोकांच्या हरकतींमुळं पर्यायी पूल रखडला आणि १३ जीव गेले, असं त्यात लिहिलंय. शिवाय लंडनच्या कंपनीचं पत्र आलंय म्हणे पुलाची शंभर वर्षं संपली म्हणून, आणि नवा पूल उंच झाला की पुराचा प्रश्नच मिटला, आणि पूल हे इंजिनिअरचं काम, गावाला त्यातलं काय कळतंय. माझ्या मामांनी ते वाचलं आणि म्हणाले, मी काय येत नाही बाबा सभेला, उगं आपल्यामुळं काम थांबायला नको. मामांचं रान पुलाला लागून आहे. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पुरात पाणी कुठून शिरलं, किती चढलं, हे त्यांनी बांधावर उभं राहून बघितलंय. असा माणूस एका खोट्या मेसेजमुळं गप्प बसणार असेल तर मला राग येणारच.

लंडनच्या पत्राचं आधी उरकतो. हेच पत्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या पुलाच्या नावानं फिरतं, पण त्याचा कागद कुणी दाखवत नाही. आपला पूल संस्थानच्या काळातला, तो बांधून दिलेली कुठली कंपनी तीन-चार पिढ्यांनी लंडनहून पत्र धाडणार? पूल धोक्याचा आहे का नाही हे पायाखालची माती पाण्यानं खरवडून नेलीय का, कमानीला तडे गेलेत का, दगडांमधला चुना धुऊन गेलाय का, हे खाली उतरून तपासूनच कळतं. नुसत्या वयावर ठरत नाही.

आता शिवाजी पूल. हा मुद्दा सगळ्यात घातक आहे कारण त्यात मेलेल्या माणसांचं नाव घेऊन जिवंत माणसांचं तोंड बंद केलं जातंय. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून येणारी मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत पडली, १३ जण गेले, हे खरंय. शेजारचा पर्यायी पूल तेव्हा अर्धवट उभा होता हेही खरंय. पण तो अर्धवट का होता? पुलाला लागून ब्रह्मपुरीची टेकडी आहे, जिथल्या खोदकामात सापडलेली रोमन मूर्ती आज टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. ते संरक्षित ठिकाण आहे. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा, त्यात २०१० ला दुरुस्ती झाली, आणि त्यानुसार संरक्षित ठिकाणापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे, सरकारी कामालासुद्धा, आणि त्याच्या पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. काम तिथं अडकलं. सार्वजनिक कामांना यातून सूट द्यायचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं २ जानेवारी २०१८ ला, म्हणजे अपघाताच्या महिनाभरही आधी नाही, आणि पुढं ते राज्यसभेत अडकलं. यात गावकऱ्याची हरकत कुठं आली सांगा. उलट कोल्हापूरचे लोक रस्त्यावर उतरले होते ते पूल पूर्ण करा म्हणून, आंदोलनं केली, निवेदनं दिली. ज्यांनी पुलासाठी आवाज उठवला त्यांच्याच माथ्यावर ते १३ मृत्यू टाकायचे, ही कुठली रीत?

आणि टेकडी संरक्षित आहे, मग पूल कुठून न्यायचा, हे डिझाइनच्या आधी चार माणसांत नीट बोललं गेलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं. सूचना आधी घ्यायच्या त्या याचसाठी.

एक मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना. चर्चा लांबली की धोका वाढतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला, दोन एसट्या गेल्या. म्हणून आमच्याही पुलावरून उसाच्या डबल ट्रॉल्या आजपासून बंद करा, त्यासाठी सभेची वाट बघायची गरज नाही. पण वाहतूक बंद करणं आणि लोकांना गप्प करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उंच पूल म्हणजे पूर मिटला, हे तर कोल्हापुरात राहून कुणी लिहूच नये. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि २०१९ ला, २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे पाण्याखाली गेला, चिखली-आंबेवाडी बुडाली. तेव्हापासून लोक ओरडून सांगतायत की रस्त्याचा भराव पाण्याला बंधाऱ्यासारखा आडवा येतो, तिथं भराव नको, पिलरवर रस्ता घ्या. पूल उंच करायचा म्हणजे दोन्ही बाजूला भराव वाढणार, आणि आमच्या ओढ्याला तेवढ्यानं पाणी वरच्या वस्तीत घुसणार. पुराचं पाणी फक्त पात्रातून जात नाही, ते रानातून आडवं पण येतं, आणि कुठून येतं ते नकाशात नसतं.

इंजिनिअरला अक्कल नाही असं कुणीच म्हणत नाहीये. स्पॅन किती, सळी किती, ते त्यांनीच ठरवायचं. पण भरलेली ट्रॉली कुठल्या वळणावर अडते, पोरं शाळेला सायकलवर कुठून जातात, पहाटे दुधाचे कॅन घेऊन बाया चालत येतात त्यांना फुटपाथ लागतो, पाण्याची पाइपलाइन जुन्या पुलाला बांधलेली आहे ती कुठं जाणार, हे त्यांना गावानंच सांगायचंय.

तेव्हा सभेला या, आणि नुसतं बोलू नका, लेखी द्या, पोच घ्या, आणि ठरावात काय लिहिलं ते वाचून मगच सही करा. पुराची खूण कुणाच्या भिंतीवर अजून असेल तर फोटो काढून, रस्त्यापासून किती उंच ते मापून जोडा. आणि एक मागणी सगळ्यांनी मिळून पहिली लिहा, जुना पूल पाडायच्या आधी ओढ्यातून तात्पुरता रस्ता तयार पाहिजे, नाहीतर गळीत हंगामात अख्ख्या गावाचा ऊस पलीकडं अडकून पडेल.